लागेल

दाइगा कॉर्कहून सांगते, फोनच्या चौकोनातून:
आई, तीन खोकी घे.
एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं.
आणली. बाजारातून, केळ्यांची.
संध्याकाळपर्यंत एकात मांजर झोपलं,
दुसऱ्यात मी तिसरं ठेवलं,
झालं आवरून.

रीगाच्या या टोकाला, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात
चाळीस वर्षं एक शब्द भाडं न देता राहिला:
लागेल.
तीन लिटरच्या एकोणसाठ बरण्या, काकड्या खारवायला,
लागतील.
बाग विकून अकरा वर्षं झाली,
तिच्या फाटकाची किल्ली, लागेल.
व्हिल्निसनं कारखान्यातून आणलेले स्क्रू,
आकाराप्रमाणे नाही, सालाप्रमाणे लावलेले;
सगळ्यांत जड डबा कारखाना बंद पडला त्या आठवड्याचा.
आणि साबण. वास कधीच उडालेला,
पण साबणच.

दाइगाला कसं सांगू, आम्ही रांगेत वाढलेली माणसं.
आधी उभं राहायचं,
मग पुढच्याला विचारायचं, कसली रांग?
जे मिळे ते घरी येई,
आणि घरी आलेलं
पुन्हा पाच जिने उतरवायचं कुणाच्या जिवावर येत नसे?

मग नोव्हेंबरात एकदा वीज गेली.
साडेचारलाच काळोख.
मेणबत्त्याही होत्या, दोन खोकी, पण कुठे?
शोधल्या नाहीत.
हात आपला आपण गेला
केटलकडे, काडेपेटीकडे,
डाव्या फडताळातल्या कान तुटक्या कपाकडे,
खुंटीवरच्या शालीकडे, खिडकीच्या कडीकडे.
दिवे येईपर्यंत मोजलं.
अंधारात हाताला सापडल्या अकरा वस्तू.
बाकीचं घर इतकी वर्षं कुणाचं झाडत होते मी?

आणि बाराव्या वस्तूला हात नाही, नडगी सापडली.
बोळातलं घडीचं स्टूल,
त्याचं मासेमारीचं,
कापडावर अजून खवले चिकटलेले.
लागेल म्हणून ठेवलेलं,
रोज रात्री लागतं.
सरक जरा, म्हणते मी त्याला.
सहा वर्षांत सरकला नाही.
सरकलं नाही, म्हणायचं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या झिनाइदानं चाळीस बरण्या नेल्या.
लागतील, म्हणाली.
मी गप्प.
स्क्रू भंगारात, नऊ किलो;
आलेल्या पैशांत बसचं तिकीट आणि एक गोड पाव.
किल्ली फेकली नाही. हे दाइगाला कळवू नका.

उरलं स्टूल.
दुसऱ्या मजल्यावरचा राइनेर्स, पंधरा वर्षांचा,
गणितात नापास, पण कुठल्या गळाला कुठला मासा ते तोंडपाठ.
दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन,
कुणी गेल्यासारखा.
घेऊन जा, म्हटलं.
त्यानं घडी उघडली, बसून बघितलं,
उजवा पाय किंचित डगमगतो म्हणाला.
माहीत आहे, म्हटलं. तो तसाच बसायचा.

जानेवारीत दौगावा गोठली.
खिडकीतून बर्फावर दहा-बारा ठिपके दिसतात,
वाकलेले, आपापल्या भोकाशी.
त्यातला एक आमच्या स्टुलावर आहे.
कुठला ते इतक्या लांबून कळत नाही,
म्हणून चहा निवेपर्यंत
सगळ्यांकडेच बघत बसते.

बोळ आता मोकळा.
रात्री उठले की सरळ चालता येतं,
काही आड येत नाही,
तेच जरा चुकल्यासारखं होतं.
नडगीवरचा डाग
हिरव्याचा पिवळा होत चालला आहे.
तो आवरायची मला घाई नाही.